रेबीज: घरच्या कुत्र्याची लस विसरू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला आणि देशभर वाद पेटला. ११ दिवसांत तो आदेश बदलला: रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडायचे. या वादात घरची कुत्री-मांजरे मात्र बाजूलाच राहिली.

रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य. त्यामुळे हा रोग कुत्र्यांमध्येच अडवावा लागतो. परिसरातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर विषाणूची साखळी तुटते. गोव्याने वर्षानुवर्षे नेटाने हेच केले आणि २०२१ मध्ये ते देशातील पहिले ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य ठरले. या ७० टक्क्यांत पाळीव कुत्रीही मोजली जातात, दिवसभर मोकळी हिंडणारी तर नक्कीच.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी, मग पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सहसा दरवर्षी, बूस्टर. मांजरालाही हेच लागू. आणि घरचेच कुत्रे चावले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘आपलाच आहे’ हा भरवसा लसीची जागा घेऊ शकत नाही.