घराचा कागद कोण तपासणार?

मुसलमानाला घर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पुण्या-मुंबईत नाव सांगितले की रिकामी जागा 'कालच गेलेली' असते. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यातील कलम 23 पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नका असे सांगते. पण 2005 मध्ये एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. मग नकार देणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

या अन्यायाविरुद्ध बोललेच पाहिजे. आपण बोलतोही. प्रश्न आहे तो आपण जिथे बोलत नाही तिथला.

1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य कुटुंबे मुंब्र्याला आली. दंगलीपासून बचावलेल्या माणसाला छप्पर हवे होते आणि छप्पर विकणाऱ्याला गिऱ्हाईक. ज्याला दुसरीकडे कोणी उभे करत नाही, तो गिऱ्हाईक कागद मागत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शीळ फाट्याजवळच्या 'लकी कंपाऊंड'मधील बेकायदा इमारत कोसळली. 74 जण दगावले. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतील 'जिलानी' इमारत झोपेतल्या माणसांवर पडली. अनेक जण गेले. ही माणसे दंगलीत मेली नाहीत. त्यांना विटा, वाळू, लाच आणि गप्प बसणारे शेजारी यांनी मारले. पालिकेचे अधिकारी दोषी आहेतच. पण परवानगीवाचून मजले चढवणाऱ्याला आपल्या जलशात पहिल्या रांगेतली खुर्ची कोण देतो? मशिदीला त्याने पंखे दिले की त्याच्या इमारतीचा पाया कोणी विचारत नाही.

आता 'हेवी डिपॉझिट' घ्या. काही लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाममात्र किंवा नाहीच, आणि घर सोडताना रक्कम परत. व्याज टळले म्हणून आपण खूश. पण त्यात आयुष्याची कमाई, कधी बायकोचे दागिने अडकलेले असतात आणि हाती असतो बिननोंदणीचा स्टॅम्प पेपर. इमारतीला पाडण्याची नोटीस आली की घरमालक फोन उचलत नाही. जी सूरह बकरा आपण बरकतीसाठी घराघरात पढतो, तिच्यातली 282 वी आयत, कुरआनातील सर्वांत दीर्घ, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असे बजावते. निकाहनाम्यात मेहरची रक्कम आपण चारचौघांत लिहून घेतो. घराच्या वेळी मात्र 'अपना ही आदमी है' एवढ्यावर भागते.

1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते की भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, मानले जाते. हा हक्क किती मोहल्ल्यांत ठाऊक आहे? नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, एवढे पाहिले तरी निम्मी फसवणूक दारातच अडेल.

हे काम एकट्यादुकट्या रिक्षावाल्याचे किंवा विधवेचे नाही, जमातीचे आहे. प्रत्येक जमातीने जुम्याच्या नमाजानंतर तासभर एक वकील आणि एक इंजिनिअर बसवावा. कागद पाहावेत, करार नोंदवून द्यावेत, जुन्या इमारतींची सोसायटी करून त्यांची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. परवानगी नसलेल्या बिल्डरची देणगी परत करावी. आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाला विचारावे: गरिबांच्या भल्यासाठी वाकिफांनी दिलेल्या जमिनींपैकी किती जमिनींवर गरिबाला परवडेल असे भाड्याचे घर उभे राहिले?

यात कौमची बदनामी होते, असे काही जण म्हणतील. ढिगाऱ्याखालून लेकरे काढताना जी होते, तिच्यापेक्षा ही बदनामी नक्कीच कमी आहे. बाहेरच्यांनी दार लावले म्हणून लढू. पण आतल्यांनी कच्च्या भिंती विकल्या, त्याचा जाब आधी आपल्याच मोहल्ल्यात मागू.