बिबट्याचा डबा

ऑफिसचं कॅन्टीन बंद पडलं तर आपण काय करतो? उपाशी बसतो? छे! कोपऱ्यावरची वडापावची टपरी गाठतो. जवळ, झटपट आणि फारशी धावपळ नाही. बिबट्याचंही अगदी असंच असतं बॉस!

गेल्या दिवाळीत अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या मामाच्या वस्तीवर गेले. ओट्याजवळ नुसतीच साखळी. ‘‘मोत्या कुठाय?’’ मामी काही बोलली नाही. मामा म्हणाला, ‘‘वाघानं नेला.’’ आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस, त्यात त्याला लपायला हवी तेवढी जागा. पण मामाचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘गोठ्यात चार शेळ्या होत्या गं. त्या सोडून कुत्रंच का?’’

परत आल्यावर डेडलाईन बाजूला ठेवून वाचत बसले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात बिबट्याच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले होते. त्याच्या आहारात वजनाने ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के! हरणं वगैरे नाहीतच. रानातलं म्हणाल तर उंदीर, मुंगूस, माकडं, पक्षी. गंमत पुढेच आहे. तिथे एका चौरस किलोमीटरमागे शेळ्या १७४ आणि कुत्री फक्त २४. तरी पहिली पसंती कुत्र्याला. कारण साधं आहे. रात्री शेळी गोठ्यात बंद असते, कुत्रं बाहेर. आणि रेडिओ कॉलर लावलेले बिबटे घरांजवळ यायचे ते रात्रीच, माणसं झोपल्यावर. मोत्याला तर आम्ही साखळीनं बांधूनच ठेवलं होतं. वाढलेलं ताट!

वस्तीवर सगळ्यांचं एकच म्हणणं, पिंजरा लावा. त्यांची भीती खोटी नाही. जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसंही गेली आहेत. पण शेजारच्या जुन्नरचा अनुभव ऐका. तिथे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, नंतर ते १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं. ताट मात्र जागच्या जागीच राहतं.

आणि हे फक्त गावाकडचं प्रकरण नाही हं. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचा बिबट्याही कुत्र्यांवर ताव मारतो. आपण सोसायटीबाहेर फेकलेल्या बिर्याणीवर कुत्री पोसतात, आणि कुत्र्यांवर तो. म्हणजे त्याचा डबा भरतो कोण? आपणच की!

मी हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे आपणच बांधला होता त्याला.’’ मला काय बोलावं सुचेना.

आता मामाकडे नवं पिल्लू आलंय. रात्री ते शेळ्यांसोबत गोठ्यात झोपतं, दाराला कडी लावून. साखळी मामीने भंगारात दिली.