सरड्याचे कुंपण

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुवतीबाहेर उडी घेऊ पाहणाऱ्याला हिणवण्यासाठी ती वापरली जाते. पण क्षणभर सरड्याच्या बाजूने विचार करून पाहा. ऊन, सावली, सकाळचे दव, किडे आणि लपायला पाने हे सारे त्याला कुंपणावरच मिळते. मग त्याने पुढे धावावे तरी कशाला? असे हे कुंपण माणूस आपल्या दिवाणखान्यात उभे करू पाहतो, तेव्हा त्याला काय काय करावे लागते आणि ते कुणी करावे, याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय काहींना चमत्कारिक वाटेल. पण पोपट, ससे आणि रंगीत मासे यांच्या जोडीला आता परदेशी सरडे पाळण्याची हौस आपल्याकडेही आली आहे आणि ती मुख्यतः आपल्याच वयाच्या मुलांत आहे. त्यातही शॅमेलिऑनचे आकर्षण विशेष. आपण मराठीत बोलताना सरसकट ‘सरडा’ म्हणून मोकळे होतो. आमचे कन्नड मित्र या बाबतीत अधिक नेमके. कुंपणावर बसून मान हलवणारा तो ‘ओतिक्यात’ आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवीत, झुलत झुलत फांदीवरून चालणारा तो ‘गोसुंबे’. हा गोसुंबे म्हणजेच शॅमेलिऑन.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगतो. आपल्या झुडपांत आढळणारा भारतीय शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. तेव्हा रानातून उचलून आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बाजारात विकले जातात ते येमेन व सौदी अरेबियाकडील तुरेवाला शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही कराराने नियंत्रित आहे. आपल्या कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, 2024 साली नियम आले आणि असे प्राणी बाळगणाऱ्याला वन खात्याकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. ‘कागदपत्रांचे नंतर बघू’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानातून रिकाम्या हातानेच परत यावे.

आता मूळ मुद्दा. माझ्या परिचयातील एकाने मोठ्या शहरातून तुरेवाल्या शॅमेलिऑनचे पिल्लू आणले. विक्रेत्याने सोबत एक काचेची पेटी, एक साधा बल्ब आणि पाण्याची वाटी दिली होती. पेटी बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली गेली. पाहुणे आले की पिल्लाला हातावर घेऊन दाखवले जाई. काही महिन्यांत त्याच्या पायांची हाडे वाकली, फांदी धरवेनाशी झाली आणि एके दिवशी ते पेटीच्या तळाशी मरून पडले. घरातले सर्वजण हळहळले. माया नव्हती असे कोण म्हणेल? पण त्या पेटीतली प्रत्येक वस्तू चुकीची होती.

शॅमेलिऑनला काचपेटी सोसत नाही, त्याला खेळती हवा लागते. म्हणून पिंजरा चारी बाजूंनी बारीक जाळीचा असावा. हा प्राणी झाडावरचा, तेव्हा पिंजऱ्याला रुंदीपेक्षा उंची जास्त हवी. पूर्ण वाढलेल्या एका तुरेवाल्यासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच हे माप धरतात. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. दुसरा शॅमेलिऑन नुसता नजरेस पडला तरी तो अस्वस्थ होतो. काचेतले स्वतःचे प्रतिबिंबही त्याला पुरते.

वाटीतले स्थिर पाणी तो सहसा ओळखतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून दिवसातून निदान दोन वेळा पानांवर तुषार उडवावे लागतात किंवा वरून थेंब थेंब पाणी गळत ठेवावे लागते. डोळे खोल गेलेले दिसले की समजावे, पाणी कमी पडते आहे.

ऊब मिळावी म्हणून वरच्या एका फांदीपाशी सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि खालचा भाग थंड राहू द्यावा, म्हणजे त्याला हवे तिथे जाता येते. रात्री दिवे बंद ठेवावेत. पण नुसती ऊब पुरत नाही. उन्हातील अतिनील किरणांच्या एका विशिष्ट पट्ट्यामुळे त्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांत मुरत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. त्यासाठी वेगळी नळी लावावी लागते आणि ती उजेड देत असली तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून ठरावीक काळाने बदलावी लागते. त्या पिल्लाचे पाय वाकले ते यामुळेच.

आहार जिवंत किड्यांचा. त्या किड्यांनाही चांगला पाला खाऊ घालावा लागतो आणि देण्यापूर्वी त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. शेतातले नाकतोडे फुकट मिळतात खरे, पण त्यांच्याबरोबर फवारणीचे विषही येऊ शकते. पिंजऱ्यात जास्वंद लावावी, मनी प्लांट लावावा. कण्हेर मात्र विषारी, ती नको. मादी असेल तर आणखी एक गोष्ट लागते. तुरेवाली मादी नराशिवायही अंडी धरते. ती घालण्यासाठी तिला वीतभराहून खोल, ओलसर वाळूमातीचे भांडे लागते. ते नसेल तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, बेत अवघड असला तरी अशक्य नाही. मलाही ते मान्य आहे. माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. असा योग्य पिंजरा तयार झाला की आपल्याला त्यात दिसते काय? पाने दिसतात! शॅमेलिऑन त्यांच्या आड बसलेला असतो, कारण लपायला मिळाले तरच तो निश्चिंत असतो. हातावर घेतलेले त्याला आवडत नाही. पाहुण्यांसमोर त्याचा रंग गडद झाला की आपण टाळ्या पिटतो. त्या गडद रंगात पुष्कळदा भीतीच असते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवले की कातडीतील सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमीजास्त होऊन रंग पालटतो. हा पालट मुख्यतः प्रकाश, तापमान आणि मनःस्थिती यांवर अवलंबून असतो. मागच्या भिंतीशी रंग जुळवून घेणे हे त्याचे काम, ही आपली जुनी भाबडी समजूत आहे.

म्हणजे पिंजरा प्राण्याला जितका योग्य, तितका तो पाहणाऱ्याला कमी सोयीचा. काचपेटी विकली जाते ती आपल्या डोळ्यांसाठी. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ज्याला दाखवण्यासाठी प्राणी हवा आहे, त्याने शॅमेलिऑन आणू नये. त्याचे पैसे वाचतील आणि एक जीवही वाचेल.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. जगभरच्या जाणत्या हौशी लोकांनी चिकाटीने निरीक्षणे केली, पिंजऱ्यात पैदास केली आणि किरण, पाणी, आहार यांविषयी पुष्कळ व्यावहारिक ज्ञान मिळवले. वर दिलेली मापेही त्यांच्याच अनुभवातून आलेली आहेत. तेव्हा पाळणारा प्रत्येकजण क्रूर असतो असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या आसपास सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर असतात. आपल्यासारख्या गावात गाय, म्हैस आणि कुत्रा यांपलीकडचा रोगी नेला तर पशुवैद्य बहुधा हात जोडतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण प्राणी आणण्यापूर्वी याचाही हिशेब करायला हवा.

यावर मी एक साधी कसोटी सुचवतो. ज्याला शॅमेलिऑन पाळावयाचा आहे, त्याने आधी सुताराकडून पिंजरा करवून घ्यावा, त्यात झाडे लावावीत आणि तीन महिने तो रिकामाच चालवावा. रोज दोनदा तुषार उडवावेत, तापमान लिहून ठेवावे, किडे पोसावेत. वीज गेली तर काय करायचे ते ठरवावे आणि परीक्षेच्या दिवसांत व दिवाळीच्या सुटीत हे कोण करणार तेही पाहावे. तीन महिन्यांनंतर ज्याचा उत्साह टिकेल, त्याने रीतसर कागदपत्रांनिशी प्राणी आणावा. ज्याचा टिकणार नाही, त्याच्याकडे जाळीदार मांडवातली एक सुरेख जास्वंद उरेल. तोटा कुणाचाच नाही.

आणि ज्यांना केवळ शॅमेलिऑन पाहावयाचा आहे, त्यांनी वहीपेन्सिल घेऊन पावसाळ्यात गावाबाहेरच्या झुडपी रानात जावे, हात न लावता शोधावे आणि दिसलाच तर तासभर थांबून पाहावे.