गॅरेजचं दार घेताय? अ‍ॅप नंतर बघा, आधी स्टिकर वाचा

गेल्या महिन्यात टँपाहून माझ्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. "तू टेक्नॉलॉजीवर लिहितोस ना? मग सांग, यातलं कुठलं घेऊ?" असं म्हणून त्याने गॅरेजच्या दाराची तीन कोटेशन्स व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. वायफाय ओपनर, कॅमेरा, फोनवरून उघड-बंद, आवाजाने कमांड, सगळं होतं. तिसरं सगळ्यात स्वस्त होतं आणि तो माणूस म्हणत होता, "शनिवारी येऊन बसवून देतो, परमिटची भानगड नको."

मी विचारलं, "दादा, यातलं दार किती वारा सहन करतं?"

तो गप्प. तिन्ही कागदांवर फीचर्सची यादी होती. वाऱ्याचा आकडा फक्त एकावर होता, तोही तळाशी बारीक अक्षरात.

दादाचं घर फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडंसंच आत आहे. २०२४ मध्ये तिथे दोन आठवड्यांच्या आत दोन चक्रीवादळं आली. २६ सप्टेंबरला हेलीन आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन. दाराचे पत्रे तेव्हापासूनच वाकलेत. म्हणून मी दोन दिवस बसून हा विषय वाचून काढला. जे कळलं ते फोन घेताना स्पेसिफिकेशन वाचणाऱ्या प्रत्येकाला पटेल असं आहे.

सगळ्यात मोठं भोक

अमेरिकेतल्या घरात दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. घराच्या भिंतीतली ही सगळ्यात मोठी उघडी जागा. ती झाकतात कशाने? पातळ पत्र्याच्या चार-पाच आडव्या पट्ट्यांनी. या पट्ट्या बिजागरींनी जोडलेल्या असतात आणि दोन्ही कडांना छोट्या चाकांवर, रुळात अडकवलेल्या असतात. मध्ये १६ फुटांत आधार काहीच नाही.

आता हिशेब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात या दारावर ढोबळमानाने अर्धा टन जोर येतो. ताशी २०० किलोमीटरला तोच जोर दोन टनांवर जातो. एक मोठी एसयूव्ही दारावर आडवी टेकून ठेवल्यासारखं समजा, आणि तीही सतत हलणारी.

शिवाय वारा फक्त ढकलत नाही, ओढतोही. घराच्या ज्या बाजूला वारा आदळत नाही तिथे दार बाहेरच्या दिशेला खेचलं जातं. चाकं रुळातून निसटतात ती अशा ओढाताणीत.

दार गेलं की खरा खेळ सुरू होतो. वारा आत घुसतो आणि छताला खालून वर दाबतो. त्याच वेळी छतावरून जाणारा वारा ते वरून खेचत असतो. दोन्ही जोर एकाच दिशेला. छत्री उलटी होते ना, तसंच. फक्त इथे छत्रीऐवजी घराचं छप्पर असतं.

१९९२ चा धडा

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हे चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. हजारो घरं जमीनदोस्त झाली. नंतर इंजिनियर्स पाहणीला गेले तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आधी गॅरेजचं दार किंवा खिडकी फुटली, मग छप्पर गेलं. त्यानंतर दक्षिण फ्लोरिडातले बांधकामाचे नियम कडक झाले आणि २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंटींसाठी त्यात वेगळा, सगळ्यात कडक विभाग आहे. तिथे तोफेसारख्या यंत्रातून सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने दारावर मारून बघतात. नंतर त्याच दारावर दाब वाढवत-कमी करत ते पुन्हा पुन्हा ढकलतात आणि ओढतात.

दादाचं घर १९८८ चं. म्हणजे अँड्र्यूच्या आधीचं. दार बहुधा तेव्हाचंच.

मजबूत दारात वेगळं काय असतं?

बाहेरून बघाल तर काहीच नाही. फरक आतून दिसतो. पत्रा जाड असतो. प्रत्येक पट्टीच्या मागे आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. रूळ जाड असतो, तो भिंतीला धरणारे ब्रॅकेट जास्त असतात, चाकांचे दांडे लांब असतात. ज्या लाकडी चौकटीला रूळ बसतो ती भिंतीत पक्की रोवावी लागते. दार जड झालं की वरची स्प्रिंगसुद्धा त्याच वजनाची लागते. (ही स्प्रिंग प्रचंड ताणलेली असते. यूट्यूब बघून तिला हात लावू नका. दरवर्षी लोक जखमी होतात.)

इथे फोनचं उदाहरण चपखल बसतं. तुमच्या फोनला पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग असतं ते अख्ख्या फोनला: काच, सील, गोंद, सगळं मिळून. कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रीन बदलून आणली की फोन दिसतो तसाच, पण ते रेटिंग गेलेलं असतं. दाराचंही तसंच. चाचणी अख्ख्या सेटची होते. नवं मजबूत दार जुन्याच रुळावर चढवलं, तर तुम्ही फक्त पत्रा विकत घेतला.

स्टिकर कसा वाचायचा?

दाराच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर दोन आकडे बघायचे. एक अधिक, एक उणे. समजा +३८ आणि -४२. पहिला ढकलणारा दाब, दुसरा ओढणारा. दोन्ही दर चौरस फुटाला पौंडात. तुमच्या घराला किती लागतो हे गाव, घराची उंची, आजूबाजूला मोकळं आहे की झाडी, आणि दाराचा आकार यावर ठरतं. स्थानिक बिल्डिंग ऑफिसमध्ये ते कळतं.

लेबलवर फ्लोरिडाच्या मंजुरीचा क्रमांकही असतो. तो राज्याच्या साइटवर टाकला की त्या मॉडेलचे ड्रॉइंग उघडतात: किती स्क्रू, किती अंतरावर, कुठल्या चौकटीत. फोनवरून पाच मिनिटांत होणारं काम आहे. दादाने दोन क्रमांक तपासले, दोन्ही निघाले. तिसऱ्याकडे क्रमांकच नव्हता. दाराला काचेच्या छोट्या खिडक्या हव्या असतील तर उडत्या वस्तूंचा मार झेलणारी काच आहे का, तेही त्यातच दिसतं.

परमिट ही भानगड नाही

शनिवारवाल्याचा मोह दादाला का पडला, हे मला कळतं. काही हजार डॉलरचा खर्च आहे आणि १ जूनला वादळांचा मोसम सुरू होतो. पण परमिट घेतलं की बसवल्यावर इन्स्पेक्टर येऊन स्क्रू मोजतो. वादळात दार टिकेल की नाही हे त्या स्क्रूंवर असतं.

पैशाचंही तसंच. फ्लोरिडात घराचा विमा आधीच महागडा आहे. तिथे तपासनीस घर बघून एक फॉर्म भरतो, त्यावरून प्रीमियममध्ये सूट मिळते. दारं-खिडक्यांच्या रकान्यात मात्र घराची पत सगळ्यात कच्च्या जागेवरून ठरते. म्हणजे सगळ्या खिडक्यांना शटर लावलेत आणि गॅरेजचं दार विनाआकड्याचं असेल, तर ती पूर्ण सूट हुकू शकते. राज्याची एक अनुदान योजनाही आहे. तिच्यात घराची मोफत तपासणी होते आणि पात्र ठरलात तर गॅरेजच्या दारालाही मदत मिळते. पण काम सुरू करण्याआधी अर्ज करावा लागतो.

मग स्मार्ट ओपनर फालतू का?

नाही. पण वादळात आधी वीज जाते, मग वायफाय. मिल्टनमध्ये तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. तेव्हा कामाला येते ती ओपनरमधली बॅटरी, नाहीतर ती लाल दोरी. दोरी ओढायची ती दार बंद असतानाच, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर उघडं दार धाडकन खाली येतं. अ‍ॅप तुम्हाला "दार बंद आहे" एवढंच सांगेल. ते टिकेल का, हे नाही सांगणार.

आणि एक गैरसमज: वाऱ्याचं रेटिंग म्हणजे पाण्याचं नाही. समुद्राचं पाणी चढलं तर हे दार ते अडवत नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्याच्या घटना २०२२ च्या इयननंतर घडल्या, हेलीननंतरही घडल्या. गॅरेजमध्ये ईव्ही असेल तर पुराच्या इशाऱ्याआधी तिला उंच जागी नेणं हाच उपाय.

आपल्याला काय?

३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कोकणात किती घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, ते आपण पाहिलंय. आपल्याकडे असं गॅरेज नसतं, पण हवेचा नियम तोच. एक मोठं दार किंवा खिडकी फुटली की वारा आत शिरून छप्पर उचलतो. किनाऱ्यावर घर बांधताय? पत्र्याची जाडी विचारता तसं दाराला कडी किती आणि चौकट कशात रोवलीय, तेही विचारा.

दादाने शेवटी दुसरं कोटेशन घेतलं. स्वस्त नाही, पण क्रमांक आहे, रूळ आणि स्प्रिंग नवी आहे, परमिट कंत्राटदारच काढणार. थांबावं लागणार आहे सहा आठवडे. ओपनर साधाच घेतलाय, बॅटरीवाला. काल त्याचा मेसेज आला: "आत्या म्हणतेय, एवढे पैसे दिले आणि आवाजाने उघडत पण नाही?"

मी लिहिलं, "आत्याला सांग, वाऱ्याने उघडणार नाही."