मारुतीची रात्र आणि आपली मुले

चैत्र शुद्ध पौर्णिमेच्या सूर्योदयाला मारुतिरायाचा जन्म. त्याच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाणारा रस्ता झोपत नाही. गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरातून आणि शहराच्या इतर वस्त्यांतून तरुणांचे जथे जेवणे उरकून पायी निघतात. क्रांती चौक, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा असे टप्पे घेत, देवगिरीच्या किल्ल्याखालून घाट चढून, ते पहाटेपर्यंत भद्रा मारुतीच्या दारी पोहोचतात. वाट सुमारे २५ किलोमीटरांची. श्रावणातल्या शनिवारीही हेच दृश्य दिसते. घरची वडीलधारी मंडळी या मुलांना कौतुकाने निरोप देतात. आई पाण्याची बाटली आणि दशम्या हाती देते.

तोच मुलगा पंधरा दिवसांनी त्याच चार मित्रांसह रात्री दहाला बाहेर पडला की घराचा नूर पालटतो. ‘महाराज, पोरगे रात्ररात्र मित्रांबरोबर बाहेर असते, काही तरी सांगा त्याला,’ अशी विनवणी कीर्तन आटोपल्यावर आम्हा कीर्तनकारांच्या कानी आता वारंवार येते. रात्र तीच, मित्र तेच, मुलगाही तोच. मग दोष कोठे शोधावा? माझे नम्र मत असे की, रात्रीला आणि मैत्रीला दोषी धरून आपण सुटू पाहतो. बाहेर घालविलेल्या रात्रीचे मोल ती घरी काय घेऊन परतली यावर ठरते, आणि त्या परतीची जबाबदारी जितकी मुलाची, तितकीच घराचीही असते.

ज्याचा जन्मोत्सव आज आपण करतो, त्याच्याच चरित्रात याचा दाखला आहे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमंत सायंकाळी लंकेत शिरतो आणि सारी रात्र त्या झगमगत्या नगरीत एकटा हिंडतो. वाडे, रस्ते, रावणाचे अंतःपुर, इतकेच नव्हे तर मद्यपानाची शाळाही तो पाहतो. उलटलेली पात्रे, विखुरलेल्या माळा, मद्याने धुंद होऊन निजलेल्या स्त्रिया, हे सारे त्याच्या दृष्टीस पडते. तेथे तो क्षणभर थबकतो. आपल्याकडून धर्मलोप तर झाला नाही ना, असे स्वतःलाच विचारतो. इंद्रियांना प्रवृत्त करणारे मन आहे आणि ते माझे ढळलेले नाही, असा निर्वाळा मिळाल्यावरच तो पुढे जातो. ही पृच्छा त्याला कोणी वडिलांनी केलेली नव्हती. ती त्याने आपली आपण केली. मुलाच्या अंगी हा प्रश्न रुजविणे हे संस्काराचे काम होय. एकदा तो रुजला की दाराला कडी घालण्याची गरज पुष्कळ कमी होते.

पण याच कथेत वडीलधाऱ्यांसाठीही धडे आहेत, आणि ते आम्ही कीर्तनात फारसे सांगत नाही. सुग्रीवाने सीतेच्या शोधाला एक महिन्याची मुदत घातली होती आणि मुदत चुकविणाऱ्याला देहदंड सांगितला होता. अंगद आणि त्याचे सोबती दक्षिणेकडे हिंडले, मुदत टळली, शोध लागला नाही. तेव्हा त्या तरुण वानरांनी काय ठरविले? किष्किंधेला परत जायचेच नाही, समुद्रकाठी अन्न वर्ज्य करून प्राण सोडायचे! उशीर झाला म्हणून घरी जाण्याची भीती ही इतकी जुनी आहे. घराची शिस्त अवश्य असावी. परंतु उशीर झालेल्या मुलाला घराच्या दारापेक्षा काळोखा रस्ता बरा वाटावा, इतकी ती कठोर नसावी. अपघात झाला, पैसे हरवले, कोणी नको ते पाजले, अशा वेळी पहिला दूरध्वनी बापाला करण्याचे धैर्य ज्या मुलाला होते, त्याचे घर धन्य!

पुढे हनुमंत कार्य साधून परतला आणि वाटेत सारे वानर सुग्रीवाच्या राखीव मधुवनात शिरले. मध प्याले, नाचले, झाडे मोडली, रखवालदार दधिमुखाला झोडपले. दधिमुख हा राजाचा मामा. तो तक्रार घेऊन धावत आला. आपण असतो तर काठी उचलली असती. सुग्रीव मात्र क्षणभर विचार करून म्हणतो की, कार्य साधल्याशिवाय ही मुले असे धाडस करणार नाहीत; त्यांना लवकर येऊ द्या. तक्रार ऐकण्याआधी आपल्या मुलांना ओळखणे याला म्हणतात. मारहाणीचे समर्थन मी करीत नाही. परंतु महिनाभर राबलेल्या तरुणाला एक रात्र मोकळी हवी असते, हे राजाला कळले होते.

आपल्याकडचे राबणेही आता रात्रीचे आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांतून दुसऱ्या पाळीला सुटणारा मुलगा मित्रांना भेटणार तरी केव्हा? परीक्षेचा अभ्यास करणारा अभ्यासिकेतून निघतो तोही रात्रीच. एके काळी अशा तरुणाला गावाच्या रात्रीत जागा होती. कीर्तन, भारूड, गोंधळ, भजनाची बारी ही रात्रीचीच असे, आणि त्यात तरुण मुले टाळ धरून वडिलांशेजारी उभी राहत. पुढे दूरदर्शन घरात आले आणि मंडपातील माणसे घरी गेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी केली. ती योग्यच आहे. आजारी माणसाला झोप हवी. पण ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हाही कीर्तन होत असे, हे आपण विसरलो. रात्र आपणच रिकामी केली. आता ती हॉटेलांनी आणि भरधाव दुचाक्यांनी भरली म्हणून खेद करतो.

दुचाकीचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५ हजारांहून अधिक माणसे दगावली. भद्रा मारुतीच्या वाटेवर चालणाऱ्यांचा एक अलिखित नियम असतो: ज्याचे पाय दुखतात त्याच्यासाठी सारे थांबतात. मिटमिट्याला चहा होतो, घाटाच्या पायथ्याशी कोणी कोणाची पिशवी घेतो. वाहनाच्या वेगात हे थांबणे नाहीसे होते. मागे राहिलेला दिसतच नाही. त्याच पवित्र रात्री याच वाटेवर कर्णे वाजवीत, एका गाडीवर तिघे बसून जाणारेही असतात. तेव्हा देवळाकडे तोंड केले की रात्र पुण्याची झाली, असा समज कोणी करून घेऊ नये.

एका प्रसिद्ध सुभाषितात बांधवाची कसोटी सांगताना आरंभी उत्सव येतो आणि शेवटी श्मशान. उत्सवाला सारेच हजर असतात. खरी निवड पुढे होते. मित्राच्या वडिलांना मध्यरात्री घाटी रुग्णालयात आणले असता रक्तासाठी धावणारी, पायरीवर बसून रात्र काढणारी मुले मी पाहिली आहेत. तीही बाहेरच घालविलेली रात्र आहे, आणि तिला कोणत्याही जागराहून उणे मानण्याचे कारण नाही. प्यालेल्या मित्राच्या हातून गाडीची किल्ली काढून घेणारा, त्याच्या शिव्या सोसून त्याला घरी पोहोचविणारा, तो याच कसोटीला उतरला. म्हणून पालकांनो, मुलगा कोठे गेला होता एवढेच विचारू नका; त्याचे मित्र कोण, त्यांची नावे काय, हे जाणा. त्यांना घरी जेवायला बोलवा. ज्या आईने मित्राला वाढले आहे, तिच्या मुलाला रस्त्यात टाकून जाणे त्या मित्राला जड जाते.

मुलींविषयीही एक शब्द. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला पहाटेच्या काळोखात कितीतरी मायलेकी पायी जातात आणि त्या वेळी रस्ता त्यांचा असतो. हा रस्ता वर्षभर त्यांचा का नसावा? मुलीला घरात कोंडण्याने तो सुरक्षित होत नाही. मुलग्याला वागणे शिकविल्याने होतो.

आता तरुणांनाही सांगणे आहे. देवगिरीच्या किल्ल्याखालून जाल तेव्हा क्षणभर वर पाहा. आमच्या पैठणचा बाल एकनाथ घरी न सांगता रात्री निघून जनार्दनस्वामींकडे याच ठिकाणी आला, असे परंपरा सांगते. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासीत तो जागला, ती जागाही हीच. परंतु मागे पैठणास वृद्ध आजोबा चक्रपाणी आणि आजी त्याच्यासाठी झुरत होती, तीही त्याच चरित्राची बाजू आहे. शेवटी स्वामींच्याच आज्ञापत्राने नाथ त्या वृद्धांपाशी पैठणास राहिले. गुरूलाही शिष्याची परत आवश्यक वाटली. आणि ज्याच्या नावाच्या नगरात तुमच्यापैकी कित्येकजण राहतात, तो पुंडलिक तर आईबापांना सोडून भरकटलेलाच तरुण होता. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात रात्री जागा राहून जे त्याने पाहिले, त्याने तो मातापित्यांच्या पायांशी परतला. म्हणून देव विटेवर उभा राहिला. तेव्हा निघताना सांगून निघा, उशीर होत असेल तर कळवा. तुम्ही मित्रांत जागता ती हौस असते. आई घरी जागते ती काळजी असते.

खुलताबादचा मारुती पहुडलेला आहे. राजा भद्रसेनाच्या मुखीचे रामगुणगान ऐकून तो तेथे भावसमाधीत विसावला, अशी कथा आहे. लंकेची रात्र जागून काढणारा येथे निजतो, कारण त्याचे काम झालेले आहे. दर्शन घेणाऱ्या मुलांचे मात्र अर्धेच झालेले असते. २५ किलोमीटर मागे अजून एक दार उघडे असते. तेथे पोहोचून, पादत्राणे काढून, आईच्या हाती प्रसाद ठेवावा. तिनेही मग काही न विचारता चहा टाकावा आणि दोघांनी दुपारपर्यंत निवांत झोपावे. त्या दिवशी घरात रामरक्षा थोडी उशिरा झाली, तरी मारुतिराय रागावणार नाहीत.