पोलादाचीही ‘स्ट्रेस टेस्ट’ हवी

विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तरी जिना चढताना छातीत दुखणाऱ्या रुग्णाला आम्ही तेवढ्यावर घरी पाठवत नाही. ट्रेडमिलवर चालवून त्याचे हृदय ताणाखाली कसे वागते ते पाहतो. हायड्रोजन साठवणाऱ्या पोलादालाही हाच न्याय लावायला हवा.

हायड्रोजन हा सर्वांत लहान अणू. तो धातूत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. आम्लात काही मिनिटे बुडवलेली लोखंडी तार सहज मोडते, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, म्हणून ते यातून सुटते असे नाही. भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३०४ जातीच्या स्टीलची अंतर्गत रचना ताण पडल्यावर बदलते आणि बदललेल्या भागात हायड्रोजन झपाट्याने पसरतो. ३१६एल जातीत निकेल अधिक असल्याने ती जास्त तग धरते.

हे तपासण्यासाठी स्टीलचा एक नमुना हवेत आणि तसाच दुसरा उच्च दाबाच्या हायड्रोजनमध्ये अतिशय सावकाश ओढून तोडतात. घाईने ओढला, तर हायड्रोजनला आपले काम करायला वेळच मिळत नाही. फसगत होते ती इथे : किती ताणापर्यंत नमुना टिकला, हा आकडा अनेकदा फारसा बदलत नाही. बदलते ती तुटण्याची रीत. हवेत लांबून, बारीक होऊन तुटणारे स्टील हायड्रोजनमध्ये फारसे न ताणता एकाएकी तुटते. कडाक्याच्या थंडीत हा दोष वाढतो, आणि ७०० बार दाबाच्या पंपांवर वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून भरतात.

हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवली गेली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्याचे स्वागतच आहे. डिझेलच्या धुराने बेजार झालेली फुप्फुसे आम्ही रोज तपासतो. पण नळ्या, झडपा, टाक्यांची खरेदी करताना केवळ हवेतल्या चाचणीचे प्रमाणपत्र चालवून घेऊ नये. हायड्रोजनमधल्या, थंडीतल्या चाचणीचे निकाल मागावेत आणि ते लोकांसमोर ठेवावेत. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतही नाही. पोलाद तुटायचेच असेल, तर ते प्रयोगशाळेत तुटावे. भर रस्त्यात तुटले, तर त्याचा अहवाल आमच्या जळीत कक्षात लिहिला जाईल.