मॉरिशसच्या किनाऱ्यावर एक कोयता

आमच्या सहजीवनाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांना सात दिवस मॉरिशसला पाठवले. तिची नोकरी, तिचा पगार, तिची हौस. परत आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी विहारात वंदना झाली, चहा झाला आणि एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सर्वांसमक्ष विचारले, ''जय भीम सर! मॉरिशस झालं म्हणे. आता समाजाला विसरणार की काय?'' लोक हसले. आम्हीही हसलो. पण तो सवाल घरापर्यंत आमच्यासोबत आला. आज तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण तो एकट्या आमचा नाही. आपल्यातल्या ज्याने म्हणून फ्लॅट घेतला, गाडी घेतली, लेकराला इंग्रजी शाळेत घातले, त्याला तो कधी ना कधी विचारला गेला आहे.

प्रस्थापितांच्या चार पिढ्या उन्हाळा लागला की थंड हवेच्या ठिकाणी जातात. त्यांना कुणी हिशेब मागत नाही. आपल्या माणसाची बॅग दारात दिसली की लगेच चळवळीची वही उघडली जाते. हा न्याय कुठला? तथागतांनी गृहस्थ सिगालाला संपत्तीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. उपभोगाचा भाग त्यांनी वगळला नाही, याची नोंद आमच्या ज्येष्ठांनी घ्यावी. बाबासाहेबांनी 1956 साली धम्मासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला. तो दिल्यानंतर उरलेल्या एकोणीस हिश्श्यांचा जाब विहाराच्या चहात मागितला जाऊ नये, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. अर्थात तो विसावा हिस्सा किती जण नियमाने देतात, हा प्रश्न शिल्लक राहतोच आणि तिथे त्या कार्यकर्त्याची बाजू आमच्यापेक्षा भक्कम आहे, हेही कबूल करतो.

परंतु आमच्या मनाला जो काटा लागला तो विहारातला नव्हे. तो तिथे, त्या बेटावरच लागला.

आमचे आईवडील बीडकडचे. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत बिऱ्हाड टाकून ते कारखान्याला जात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक कोयता. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला. एकटी बाई किंवा एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. लग्नाचा असा हिशेब जगात दुसरीकडे कुठे असेल तर आम्हाला माहीत नाही. आमच्या आईवडिलांनी लग्नाचा वाढदिवस कधी साजरा केला नाही; लग्नाची तारीखच कुणी लिहून ठेवलेली नव्हती. वडील कालकथित झाले. आई आमच्याजवळ असते.

तर विमानतळावरून गाडी निघाली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. समुद्र अजून दिसलाही नव्हता. तोडणीचा हंगाम होता. आमच्या सहचारिणी काचेला नाक लावून बघत होत्या. म्हणाल्या, ''अहो, लेकीनं आपल्याला कारखान्याला तर नाही ना धाडलं?'' आम्ही हसलो खरे, पण मग हॉटेल येईपर्यंत दोघेही गप्प होतो.

त्या बेटाचा इतिहास साखरेने लिहिलेला आहे. आधी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम राबले. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांना नव्हे. आणि गुलामी संपण्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, कलकत्त्याहून 'अॅटलस' नावाच्या जहाजाने छत्तीस मजूर तिथे उतरवले गेले होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढे 1920 पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय या रस्त्याने आले. काही तिथेच राहिले, काही पुढच्या वसाहतींत पाठवले गेले. बिहारकडचे आले, तमिळ, तेलुगू आले, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचे आपले मराठी लोकही आले. पोर्ट लुईच्या बंदरात त्या उतरण्याच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. एके काळी त्या जागेला कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात. 2006 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

आमच्या सहलीच्या कार्यक्रमात हा घाट नव्हता. पाण्यातली बोट होती, सात रंगांची माती होती, खरेदीला अर्धा दिवस होता. घाट आम्ही आमच्या खर्चाने, एक दुपार बुडवून पाहिला. तिथे आणि नंतर वाचनात जे समजले ते आमच्या घरातलेच निघाले. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापण्याचा कायदा होता. आपल्याकडे याला खाडा म्हणतात. आजही तोडीवर खाडा पडला की दंड कापतात. तो चुकावा म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात आहेत अशी ओरड झाली, तेव्हा 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वसाहत गेली, मालक बदलला, पण तो दंड काही गेला नाही.

सुरुवातीच्या वर्षांत त्या जहाजांतून पुरुषांच्या मानाने बायका फारच थोड्या येत. आलेल्या जोडप्यांचे लग्न वसाहतीच्या दप्तरात नोंदलेले नसेल तर ते लग्न धरले जात नसे. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांनाही फोटो असलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. मळ्याबाहेर पाऊल टाकले आणि परवाना नसला की अटक. ते फोटो तिथे अजून जपून ठेवले आहेत. सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारे चेहरे, एकही हसत नाही. आमच्या मोबाईलमध्ये त्या दिवशीपर्यंत आमचे दोघांचे दीडशेच्या वर फोटो झाले होते.

आता आडनावाची गोष्ट. आमच्या गटात मुंबईकडचे एक सुसंस्कृत दांपत्य होते. पहिल्याच नाश्त्याला त्यांनी आमचे आडनाव विचारले, मग गाव, मग 'मूळचे कुठले'. वाचकांना हा प्रश्न पुढे कुठे जातो ते सांगायला नको. समुद्र ओलांडून सहा तासांवर गेलो तरी तो नाश्त्याच्या टेबलावर हजर. आमची गाडी चालवणारा तरुण तिथला मराठी होता. मराठी मोडकी, मध्येमध्ये क्रिओल. पण शाळेत मराठी शिकलेला. या गृहस्थांनी त्यालाही धरले. त्याने सांगितलेले आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणजोबांचे नुसते पहिले नाव होते. बंदरावरच्या कारकुनाने जे एकेरी नाव लिहिले तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव झाले, हे तिथे सर्रास घडले आहे. ''पण तुम्ही मूळचे कोण?'' गृहस्थांनी पुन्हा विचारले. पोरगा म्हणाला, ''मराठी.'' गृहस्थांचे समाधान झाले नाही. आमचे मात्र झाले.

तरीही या गोष्टीवरून फार हुरळून जाऊ नये. आलेल्या मजुरांच्या नोंदवहीत नाव, वय, गाव, उंची यांच्यासोबत जातीचा रकानाही होता, आणि रकाना असला की तो कुणीतरी जपतोच. तिथे आजही राजपुतांची वेगळी सभा आहे, चर्मकार परंपरेतून आलेल्यांची 'रविवेद' नावाने वेगळी सभा आहे. पंतप्रधान वैश मानल्या गेलेल्या घराण्यांतूनच यावा, हे तिथले उघड गुपित आहे. 2003 ते 2005 या काळात फ्रेंच वंशाचे पॉल बेरांजे त्या पदावर बसले तो अपवाद. काळे पाणी ओलांडले की जात बुडते, असे सनातनी सांगत. आम्हाला तर ती चांगली पोहता येते असे दिसले.

हॉटेलच्या किनाऱ्यावरही एक प्रकार पाहिला. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू तिथे कायद्याने सर्वांची आहे. पण हॉटेलांसमोर सुरक्षारक्षक फिरतात आणि स्थानिक पोरे छत्र्यांच्या रांगेजवळ आली की त्यांच्याकडे अशा नजरेने पाहतात की ती पोरे आपणच वळतात. आम्हाला कुणी हटकले नाही. आमच्या मनगटावर हॉटेलचा पट्टा होता. आमचे किनारे चोरणे थांबवा, अशा अर्थाच्या नावाची मोहीमच तिथल्या नागरिकांनी चालवली आहे. कायद्याने खुले आणि व्यवहारात बंद असे पाणी म्हटले की आपल्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही. 1923 चा बोले ठराव कागदावर होताच. चवदार तळ्याला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, माणसे चालत गेली तेव्हा. त्या संध्याकाळी आम्ही तो पट्टा काढून खिशात टाकला आणि सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन बसलो. तिथे तिथली कुटुंबे डबे घेऊन आली होती, ढोलके वाजत होते, म्हाताऱ्या पाण्यात बसल्या होत्या. सात दिवसांतली सर्वांत आनंदाची संध्याकाळ तीच.

म्हणून त्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला आमचे उत्तर असे आहे. आम्ही गेलो, चांगले केले. तुम्हीही वहिनींना घेऊन जा. मॉरिशसला नाही तर गणपतीपुळ्याला जा. आपल्या बाया रजेशिवाय राबल्या आहेत, त्यांचे चार दिवस कुणाच्याही चंद्यातून कापून घेण्याचा अधिकार चळवळीला नाही. मात्र सहल कंपनी दाखवील तेवढेच बघून परत येऊ नका. ज्याच्या साखरेवर ते हॉटेल उभे आहे त्याचा घाट कुठे आहे, एवढे तरी विचारा. विसाव्या हिश्श्याची पावती आम्ही पुढच्या रविवारी घेऊन येतो, तुमचीही आणावी.

घरी आलो तेव्हा आईला मोबाईलवर फोटो दाखवले. समुद्राचे फोटो तिने भराभर सरकवायला लावले. गाडीतून काढलेला एक फोटो आला, लांबवर तुरे आलेला ऊस. तिथे तिने बोट ठेवले.

''आन् तिथंबी ऊसच व्हय रं?''

''हो आई. ऊसच.''

तिने फोटो जवळ घेतला, बराच वेळ पाहिला.

''मोळ्या दिसंनात कुठं. कोयता कसलाय त्येंचा? आखूड का लांब?''

ते काही आम्ही पाहिले नव्हते.